तीनशे चारची मालकीण

नांदुरा,
४ जानेवारी २०२५

चि. कुशल,
अनेक आशीर्वाद.

पत्र मुद्दाम मोठं लिहून राह्यली. प्राची मले मोबाईलवर चार ओळी पाठवते, मी तिले दोन पाठवते, लेकीचं-मायचं तेवढ्यात भागते. पण भावाशी बोलायचं तर मले कागदच लागतो. फोन तर दिवाळीपासून माझ्यासाठी संपलाच. उजव्या कानात जे थोडंफार उरलं होतं तेही गेलं. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं मी फोन उचलले, अन् आता घरातली कुकरची शिट्टीसुद्धा तुझ्या भाऊजींनी येऊन सांगावी लागते.

पण आता खबर चांगली आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी पुण्याले पाठवलं होतं ना, तिथल्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली. २० फेब्रुवारी. कानामागं कातडीखाली यंत्र बसवतात. जखम भरली की तीन आठवड्यांनी ते चालू करतात, अन् मग दर आठवड्याले आवाज कमी-जास्त करायले जावं लागते. म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत आम्हा दोघांले पुण्यात राहणं आहे.

तुझं कोथरूडचं घर दवाखान्यापासून रिक्षानं दहा मिनिटं. मी वास्तुशांतीले आली होती, त्याले नऊ वर्षं झाली. मले समजते, घर दोन खोल्यांचं, अन् डिंपलचं दहावीचं वर्ष. म्हणून हट्ट नाही. तू ये म्हटलं तर येऊ, नाही जमलं तर जवळपास दोन महिन्यांपुरतं एखादं घर पाहून ठेव. तू तिथला माणूस. आम्ही कोणाले विचारावं?

तुझे भाऊजी तुरीची डाळ भरून ठेवून राह्यले. एस.टी.तून रिटायर झाले तरी सामान बांधायची सवय कंडक्टरचीच.

सौ. प्रतिमाले आशीर्वाद. डिंपलले म्हणा, आत्याचे कान अन् तुझी दहावी, दोन्ही एकदमच पार पडणार.

तुझी,
रेवतीताई

*

पुणे,
१६ जानेवारी २०२५

ती. रेवतीताईस,
सा. न.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफ कर. ऑपरेशनची तारीख वाचून फार बरं वाटलं.

आमच्या घराचं मात्र आत्ता काही खरं नाही. बाथरूम गळत होतं म्हणून काम काढलं, तर फरशीच उखडावी लागली. दारापासून सिमेंटची पोती लागलेली आहेत. त्या धुळीत तुला कानाची जखम घेऊन ठेवणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून गेला आठवडाभर दुसरं घर शोधतोय, आणि ताई, जे पाहिलं त्याने मी चक्रावून गेलोय.

पहिला एजंट म्हणाला, "दोन महिने? साहेब, दोन महिन्यांसाठी कोण घर देतं? अकरा महिन्यांचा करार करा, तीन महिन्यांचं डिपॉझिट ठेवा, मग दोन महिन्यांत सोडलंत तरी माझी हरकत नाही." दुसऱ्याने एक चांगलं घर दाखवलं. सगळं ठरत आलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "राहणार कोण?" मी म्हटलं, बहीण, कानाचं ऑपरेशन आहे. ते म्हणाले, "पेशंट नको. उगाच जिन्यात येणंजाणं वाढतं." तिसऱ्या घराचे फोटो पाहून तू खूश झाली असतीस. पांढरे पडदे, कुंड्या. प्रत्यक्षात गेलो तर खिडकी शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उघडणारी, आणि कुंड्या मालकाने फोटोपुरत्या आणलेल्या.

रोजाने मिळणारी घरं पुष्कळ आहेत. भांडी, गॅस, वॉशिंग मशीन, सगळं असतं. पण भाडं दिवसाला बत्तीसशे रुपये! मी दोनदा विचारलं, की हे आठवड्याचं का?

शोध सुरू आहे. काळजी करू नका. सौ. प्रतिमाचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझा,
कुशल

*

नांदुरा,
२७ जानेवारी २०२५

चि. कुशल,
आशीर्वाद.

तुझ्या भाऊजींनी तुझं पत्र एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, अन् मग माझ्या वहीत लिहून दाखवलं, "बत्तीसशे रोज!! अन् त्यात भाकर नाही!!" असे दोन-दोन उद्गारचिन्ह देऊन. शेजारची गोजरबाई पाणी भरायले आली होती, तिले मी सांगतलं तर ती पदर तोंडाले लावून खालीच बसली. अन् तो सेक्रेटरी! पेशंट नको म्हणे. मी काय माझं बहिरेपण त्याच्या जिन्यावर सांडणार होती?

पण आता तू फिरू नको. घर मिळालं. प्राचीच्या नवऱ्यानं, ऋत्विकनं, मोबाईलवर शोधलं. कोथरूडातच आहे. तिसरा मजला, लिफ्ट आहे, स्वयंपाकघर आहे. ऋत्विकनं आपल्या नावानं बुकिंग करताना मालकीणबाईले लिहिलं, की सासूबाईंच्या कानाचं ऑपरेशन आहे, दोन महिने पाहिजे. त्या बाईनं लगेच उत्तर दिलं: "कानाचं असेल तर भाडं निम्मं घेते." मी तर थक्क झाली. पुण्यात अशीही माणसं आहेत पाह्य! पूर्ण पत्ता निघायच्या एक दिवस आधी येतो म्हणे, तशी त्या लोकांची पद्धतच असते.

एक विचारू? राग नको मानू. फरशी उखडलेल्या घरात डिंपल दहावीचा अभ्यास कोठी करते? प्रतिमा स्वयंपाक कसा करते? तू काहीच लिहिलं नाही. प्राचीच्या लग्नातही तू एकटाच आला होता, डिंपलची परीक्षा आहे म्हणून. तुझ्या घरची माणसं मी डोळ्यांनी पाह्यल्याले दोन वर्षं झाली. सहदेवकाका मले गेल्या महिन्यात जळगाव जामोदच्या बसस्टँडवर दिसले. मी हात केला तर तोंड फिरवून निघून गेले. म्हाताऱ्याले दिसत नसेल म्हणून मी सोडून दिलं. प्रतिमाले म्हणा, वडलांचे डोळे तपासून घे.

सौ. प्रतिमाले आशीर्वाद.

रेवतीताई

*

पुणे,
८ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न.

घाईत लिहितोय. कोथरूडात नेमकं कुठे घर घेतलंय? इमारतीचं नाव लगेच कळव. असल्या मोबाईलवरच्या जाहिरातींत फसवणूक फार होते. मी धायरीला एका मित्राचं घर पाहून ठेवलंय, रिकामं आहे, तो भाडंही घेणार नाही. थोडं लांब आहे, पण मी रिक्षाची व्यवस्था करतो. ऋत्विकना सांगून ते बुकिंग रद्द करा. आगाऊ भरलेले पैसे गेले तरी मी देईन.

डिंपलचा अभ्यास ठीक चालू आहे. सौ. प्रतिमाचा नमस्कार.

कुशल

*

पुणे,
१८ फेब्रुवारी २०२५

कुशल,

तुझं पत्र आम्ही निघायच्या दिवशी हातात पडलं. इमारतीचं नाव कळव म्हणतो. कळवते. मैत्रबन सोसायटी, तिसरा मजला, फ्लॅट नंबर तीनशे चार.

ऋत्विकनं आदल्या दिवशी प्राचीच्या मोबाईलवरून हा पत्ता मले दाखवला, तेव्हा मले आधी वाटलं, पोरानं चुकून मामाचाच पत्ता टाकला. नऊ वर्षं मी हाच पत्ता पाकिटावर लिहून राह्यली. तुझे भाऊजी म्हणाले, कुशलची नोकरी गेली असेल, म्हणून घर भाड्यानं देते अन् आपल्याले सांगत नाही. मलेही तसंच वाटलं. गाडीत रस्ताभर मी हेच म्हणत आली, की पोराले लाज वाटली असेल, आपण काही बोलायचं नाही, निमूट राहायचं.

वर गेलो तर दार उघडं. किल्ली द्यायले मालकीणबाई स्वतः आल्या होत्या.

प्रतिमा होती.

मले पाहून तिच्या हातातल्या किल्ल्या खाली पडल्या. "ताई" म्हणाली, ते मी ओठांवरून वाचलं. वाकून पाया पडली, अन् तशीच वाकलेली राह्यली, मी उठवलं तेव्हा उठली. तुझ्या भाऊजींनी हसत विचारलं, "अवो प्रतिमा, तू इथंच? मग कुशल कोठी आहे?" ते तिच्या डाव्या हाताले उभे होते. ती सगळीच्या सगळी वळली, उजवा कान त्यांच्याकडे केला, अन् कपाळाले आठी घालून पुन्हा विचारलं, "काय म्हणालात?"

कुशल, असं कोण वळते ते मले कोणी सांगायची गरज नाही. मी सहा वर्षं तशीच वळून राह्यली.

मी माझी वही काढली. लिहिलं, "डावा कान?" तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. मग लिहिलं, "हो. दोन वर्षं झाली. पडदा फाटला. ऑपरेशन केलं, पण फार काही उपयोग झाला नाही."

मी लिहिलं, "कशानं?"

तिनं पेनाले टोपण लावलं. तुझ्या भाऊजींनीही तोंडानं विचारलं. ती मान हलवत राह्यली. शेवटी टोपण काढून एकच ओळ लिहिली: "ते तुम्ही त्यांनाच विचारा ताई. मी सांगितलं तर तुम्हाला वाटेल, मी तुमच्या भावाची तक्रार करतेय."

मी तिथंच चपलांच्या स्टँडवर बसली.

बाकीचं तिनं लिहून दिलं. गेल्या जूनमध्ये कोर्टात घटस्फोटाचे कागद झाले. ती अन् डिंपल वारज्याले राहतात, तू हडपसरले. घर दोघांच्या नावावर, पण राहवत कोणालेच नाही, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याले देता अन् भाडं डिंपलच्या शिक्षणाले ठेवता. तिच्या माहेरी चार माणसांपलीकडे कोणाले माहीत नाही. सहदेवकाकांले मात्र माहीत होतं. म्हणजे त्यांचे डोळे चांगले आहेत.

मी विचारलं, आम्ही दुसरीकडे जाऊ का? तिनं लिहिलं, "राहा ताई. तुमचं नाव माहीत नव्हतं तेव्हाही मी हे घर तुमच्या कानासाठीच दिलं होतं."

घरात फरशी शाबूत आहे. बाथरूम गळत नाही. दोन वर्षं प्रत्येक पत्राखाली तू "सौ. प्रतिमाचा नमस्कार" लिहिला. तो नमस्कार कोणाचा होता रे?

हे पत्र मी खालच्या वॉचमनकडे, उकंडरावांकडे, देऊन राह्यली. आपल्याकडचेच आहेत ते, दुसरबीडचे. तुझी टपालं तेच ठेवतात म्हणे. परवा माझं ऑपरेशन आहे. त्याच्या आधी किंवा नंतर, कधीही सांग, पण खरं सांग. हात तुझा होता का?

रेवती

*

हडपसर,
२६ फेब्रुवारी २०२५

ताई,

हात माझा होता.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. प्रत्येक वेळी आधी कारण लिहायला बसायचो, ऑफिसातला ताण, तिची बदली, डिंपलच्या क्लासवरून झालेला वाद. लिहिल्यावर ते कारणासारखं दिसायला लागायचं. कारण नव्हतं. रविवार होता, दुपारची जेवणं झाली होती, ती काहीतरी बोलत होती आणि मला ते ऐकायचं नव्हतं. एवढंच.

त्याहून वाईट पुढचं आहे. ती म्हणाली, "मला या कानाने ऐकू येत नाहीये." मला वाटलं, नाटक करतेय. मी तिला तीन दिवस दवाखान्यात नेलं नाही. चौथ्या दिवशी ती एकटी रिक्षा करून गेली. डॉक्टरांना तिने सांगितलं, बाथरूममध्ये पडले. मला वाचवलं. आणि आठवड्याने डिंपलला घेऊन निघून गेली.

त्याच महिन्यात तुझं पत्र आलं होतं. लिहिलं होतंस, "आता माणसं बोलतात ते मले पाण्याखालून आल्यासारखं वाटते." मला त्या ओळीच्या पुढे वाचवलं नाही. तेव्हापासून, प्राचीच्या लग्नाचा दिवस सोडला तर, तुझ्यासमोर यायची माझी हिंमत झाली नाही. प्रतिमाला मी सांगितलं होतं, ताईला कळू देऊ नको, तिने हे स्थळ जुळवलंय, ती खचेल. खरं म्हणजे मला तुझी भीती वाटत होती.

वीस तारखेला मी दवाखान्यात आलो होतो. भाऊजी खाली चहाच्या टपरीवर एकटेच उभे होते, हातातला कप तसाच. मी गेटमधूनच परत फिरलो.

ताई, मी तिले मारलं. इतका वेळ शुद्ध भाषेत लिहून पाह्यलं, तर ते दुसऱ्याच कोणाचं वाटून राह्यलं. मी मारलं. मीच.

कुशल

*

पुणे,
१७ मार्च २०२५

कुशल,

तुझं पत्र मिळून तीन आठवडे होत आले. लिहिलं नाही, कारण लिहायले बसली की "तीन दिवस" हे दोनच शब्द डोळ्यांपुढं यायचे. हात उठला तो एका क्षणाचा होता असं तू उद्या कोणाले सांगशील, अन् कोणी मानेलही. पण तीन दिवस क्षणाचे नसतात. तीन दिवसांत तू सहा वेळा तिच्या हातचं जेवला असशील.

तुले मी लहानपणी कडेवर घेऊन शाळेत नेत होती. तो पोरगा अन् हा माणूस एकच आहे, हे माझ्या डोक्यात अजून शिरत नाही. तुझे भाऊजी तर तुझं पत्र वाचल्यापासून तुझं नावच काढत नाहीत.

बारा तारखेले यंत्र चालू केलं. मले वाटलं होतं, माणसांचे आवाज येतील. आले ते पत्र्यावर गारा पडल्यासारखे. यंत्र लावणारी पोरगी बोलत होती अन् मले नुसत्या टिंगटिंग घंट्या ऐकू येत होत्या. मी घाबरून रडली. ती म्हणाली, मेंदूले शिकायले वेळ लागते. आता पाचव्या दिवशी दार वाजलं ते कळते, नळ चालू आहे ते कळते, ओठ पाहून ऐकलं तर अर्धं बोलणं समजते.

त्या दिवशी माझ्याजवळ प्रतिमा बसली होती. सुट्टी काढून आली होती. तुझी कोणी लागत नसताना. मी तिले म्हटलं, तूही असं काही करून घे. ती म्हणाली, माझा एक कान चांगला आहे ताई, डॉक्टर म्हणतात गरज नाही. आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर बसून हसलो, अन् हसताना तिले रडू आलं.

आता ऐक. माफी मले मागू नको. माझ्याजवळ द्यायले ती नाही. तेवीस तारखेले, रविवारी, अकरा वाजता इथं ये. मी प्रतिमाले विचारलं आहे. ती यायले तयार आहे, माझ्या शब्दाखातर नाही. तिले ते एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं आहे म्हणून. संसाराची गोष्ट काढू नको. परत ये म्हणू नको. रडून दाखवू नको. जे मले लिहिलं, ते तिच्यासमोर बोल अन् जा.

रेवती

*

हडपसर,
३१ मार्च २०२५

ताई,

त्या दिवशी तू तिथेच बसली होतीस, पण नव्या यंत्राने तुला किती ऐकू आलं असेल माहीत नाही, म्हणून लिहितो.

मी सांगितलं. मान खाली घालून सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा सांगा. मोठ्यानं." मला वाटलं, कानामुळे म्हणतेय. मी मोठ्याने सांगितलं, की मी तुला मारलं, ऐकू येत नाही म्हणालीस ते खोटं मानलं, तीन दिवस तुला तसंच ठेवलं. तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडलं.

डिंपल आत आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, ताई. दोन वर्षं तिला वाटत होतं, आई बाथरूममध्ये पडली. आईला एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून मी भेटायला गेलो की तिच्यासमोर कधी कधी चिडायचोही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग आईला पाण्याचा ग्लास दिला आणि आईच्या शेजारी बसली. प्रतिमा म्हणाली, "झालं. निघा तुम्ही." मी निघालो.

तेव्हापासून डिंपल माझा फोन उचलत नाही. ती मे महिन्यात तुझ्याकडे येणार आहे असं उकंडरावांकडून कळलं. मी तेव्हा नांदुऱ्याला येऊ का? लांबून बघून जाईन. तू सांगशील तसं.

कुशल

*

नांदुरा,
२२ एप्रिल २०२५

कुशल,

आम्ही शनिवारी घरी पोचलो. शेवटच्या तपासणीत त्या पोरीनं तोंडावर कागद धरून वाक्यं म्हटली. दहापैकी सात मी बरोबर सांगतली. इथं आली तर आपल्या गल्लीत एवढा आवाज असते हे मी विसरलीच होती. गोजरबाई मुद्दाम खिडकीतून हाका मारून पाहते, अन् मी ओ दिली की हसत सुटते.

त्या रविवारचं मले सगळं ऐकू आलं नाही. तुझ्या तोंडचे निम्मे शब्द घंट्यांसारखेच गेले. पण प्रतिमाचा "मोठ्यानं" हा शब्द मले स्पष्ट ऐकू आला. डिंपल आत आहे हे मले माहीत होतं. तिनंच आईले सांगतलं होतं, मले ऐकायचं आहे. मी तुले आधी सांगतलं असतं तर तू आला नसता, किंवा दुसरंच काही बोलला असता. म्हणून नाही सांगतलं. त्याबद्दल तुले राग आला असेल तर येऊ दे.

पाच मेले डिंपल येणार आहे, पंधरा दिवस. ती मले नेहमी लिहिते, मोबाईलवर, मोठमोठ्या ओळी. तुझ्याबद्दल अजून एक शब्द नाही. मी विचारत नाही. ती स्वतःहून काही बोलली तर ऐकून घेईन, तुझी वकिली करणार नाही.

तू विचारलं, येऊ का. लांबून पाहणं वगैरे नको, पोरगी काही स्टेशनवरची गाडी नाही. तिनं बोलावलं तर ये, तुझं ताट मी वाढीन. तिनं नाही बोलावलं तर त्या पंधरा दिवसांत नांदुऱ्याले उतरू नको. तू दारात येऊन उभा राह्यला तर मले दार उघडता येणार नाही. अन् तुझी हाक ऐकू आली नाही, असं आता मले कोणालेच सांगता येणार नाही.

रेवतीताई